राव, गाव आणि तालीम

मंडळी, तुमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरत असेलच. दुपारचं ऊन कललं की हलगी कडाडू लागते, माणसं हौद्याभोवती दाटीवाटीनं बसतात, झाडांच्या फांद्यांवर पोरं चढतात, आणि पहिली नारळाची कुस्ती लागते. आखाड्यात दोनच गडी दिसतात. पण त्या दोघांच्या मागे किती माणसांचे हात असतात, ते मोजायचे आपण सहसा मनावर घेत नाही. माती कोणी खणली? बक्षिसाचे पैसे कोठून आले? अमक्याची जोड तमक्याशी लावायची हे कोणी ठरवले? हरलेल्या गड्याच्या परतीच्या गाडीभाड्याचे काय? हे प्रश्न वरवर किरकोळ दिसतात. पण दक्षिण महाराष्ट्रातल्या कुस्तीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या प्रश्नांच्याच उत्तरांत साठवलेला आहे, आणि तोच आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

आपल्याकडे म्हण आहे, गाव करी ते राव न करी. म्हण खरी आहे, पण कुस्तीच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. गावाने पुष्कळ केले आणि रावानेही पुष्कळ केले. शिवाय या दोघांच्या मधे एक तिसरा होता. तो म्हणजे तालमीतला वस्ताद. चौथा होता शाळेतला मास्तर, आणि त्याचे नाव बहुधा कोणी घेत नाही.

आधी गावाची गोष्ट. जत्रेच्या महिनाभर आधी पंच मंडळी देवळात बसतात. घरटी वर्गणी ठरते. कोणी पैसे देतो, कोणी धान्य देतो, कोणी पाहुण्या पैलवानांच्या जेवणाचा एक वेळचा भार उचलतो. ज्याच्याकडे काहीच नाही तो हौदा खणायला येतो. तांबडी माती चाळायची, खडे वेचायचे, तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस घालून ती मळायची आणि भुसभुशीत करायची. हे काम सोपे नव्हे. माती कोरडी राहिली तर अंग सोलवटते, ओली राहिली तर पाय घसरतो. बक्षिसांची उतरंडही ठरलेली. लहान पोरांना रेवड्या, नारळ. त्यांच्यावर पाच-दहा रुपयांच्या कुस्त्या. मग गावचे तयार गडी. आणि दिवस मावळायच्या बेताला शेवटची मोठी कुस्ती, जिच्यासाठी चार तालुक्यांची माणसे आलेली असतात. जोड लावण्यासाठी तराजू नसे. दोन्हीकडचे वस्ताद आपापल्या पोराचा हात धरून त्याला हौद्याभोवती फिरवीत, अंगापिंडाने जुळते आहे का ते पाहत, आणि मग हात मिळवीत. यात कधी अन्याय होई, कधी वशिलाही चाले. पण तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई आणि त्यावर तिथल्या तिथे आरडाओरडा करता येई. हा मुद्दा ध्यानात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे.

गावाची ही व्यवस्था मोठी गोड, पण तिचा जोर वर्षातून एका दिवसापुरता. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांचे काय? दंड-बैठका रोज मारायच्या असतात. दूध, तूप, बदाम रोज लागतात. पैलवानाचा खुराक म्हणजे एका बेताच्या शेतकऱ्याच्या घराला बसलेला दुसरा सारा, असेच म्हणावे लागेल. घरात एक पोरगा पैलवान निघाला की बाकीची भावंडे ताकावर राहत. हा भार सोसणारी आई आणि थोरला भाऊ यांना कुठल्या मैदानात फेटा बांधल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

रोजची जबाबदारी तालमीने घेतली. कोल्हापुरात मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमी नावारूपाला आल्या. खेड्यातून आलेले पोर तिथेच राही, तिथेच हाताने भाकरी भाजी, पहाटे उठून माती खणी आणि वस्तादाचे अंग रगडी. वस्ताद हा शब्दच मुळात उस्ताद या शब्दावरून आपल्याकडे आला, आणि शब्दाबरोबर माणसेही आली. कोल्हापूरच्या लाल मातीत मराठ्यांचे, मुसलमानांचे, धनगरांचे आणि इतर अनेक जातींचे पोर एकाच हौद्यात घाम गाळीत होते. लंगोट चढवून अंगाला माती लागली की कोण कुठल्या आळीतला ते ओळखू येत नाही. मुलींना मात्र हे दार बंद होते. ते पुष्कळ काळ बंदच राहिले, ही गोष्ट लपवून चालणार नाही.

आता रावाची गोष्ट. करवीरचे शाहू छत्रपती १८९४ साली गादीवर आले. त्यांची वसतिगृहे, १९०२ सालचा राखीव जागांचा हुकूम, १९१७ साली सुरू झालेले सक्तीचे प्राथमिक शिक्षण हे तुम्हा शिक्षकांना मी नव्याने सांगायला नको. महाराज स्वतः धिप्पाड देहाचे आणि कुस्तीचे जबर शौकीन. त्यांनी पंजाबकडचे नामांकित मल्ल कोल्हापुरात आणून ठेवले. हेतू असा की आपल्या पोरांनी त्यांच्याशी झुंजावे आणि झुंजता झुंजता शिकावे. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोमचे प्राचीन प्रेक्षागार त्यांनी पाहिले आणि तसे मैदान आपल्या कोल्हापुरात हवे असे त्यांच्या मनाने घेतले, असे सांगतात. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे झाले.

ज्यांनी खासबाग पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. एक भली थोरली परात डोळ्यांपुढे आणा. परातीच्या तळाशी मधोमध कुस्तीचा हौदा, आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेला उतार. त्या उतारावर माणसांनी जमिनीवरच बसायचे. सगळ्यात मागच्या, सगळ्यात वरच्या माणसालाही खालची पकड स्पष्ट दिसते. मधे खांब नाही, छत नाही. पंचवीस-तीस हजार माणूस सहज मावेल असा हा पसारा आहे. पहिल्या मोठ्या कुस्तीत गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत झाली आणि इमामबक्षाने ती मारली. त्या काळी युरोपात हजारो माणसांसाठी क्रीडांगणे बांधली जात होती, ती राजधान्यांतून. एका लहानशा संस्थानाने खेड्यातल्या माणसाला, पागोटे घालून आलेल्या शेतकऱ्याला, नीट दिसावे म्हणून असे बांधकाम करावे, हा विचार मला मैदानाच्या आकारापेक्षा मोठा वाटतो.

पण राजाश्रयाला एक उणेपण असते. तो माणसावर अवलंबून असतो. राजा शौकीन असेल तोवर खुराक चालू. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. कोल्हापूरचे नशीब असे की पुढच्या महाराजांनीही हा शौक सोडला नाही. दुसऱ्या कितीतरी संस्थानांत मात्र राजा बदलला आणि पैलवानांचे शिधे बंद झाले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा ओढा सूर्यनमस्काराकडे. तेव्हा औंधच्या शाळांतून पोरे नमस्कार घालू लागली. उद्या तिथे दुसरा कोणी आला असता तर? प्रजेला याबाबत विचारायची पद्धत नव्हती. राव देईल ते घ्यायचे.

याच सुमारास पुण्यात निराळा प्रयोग चालला होता. १९०६ साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष. १९१९ साली जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी शेतकरी घरातली पोरे अनवाणी धावताना पाहिली. नव्या पद्धतीचे शिक्षण नाही, बूट नाहीत, आणि तरी वेळ अशी की परदेशी धावपटूंच्या जवळ जावी. दोराबजींच्या मनाने उचल घेतली. १९२० साली बेल्जममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानातून एक छोटा संघ गेला, त्याच्या खर्चाचा मोठा भार टाटांनी वाहिला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले त्यात मॅरेथॉन धावले आणि १९ वे आले. संघात दोन मराठी कुस्तीगीरही होते. म्हणजे पाहा, राजा नव्हे, गावही नव्हे. शहरातली एक संस्था आणि एक उद्योगपती यांनी मिळून खेड्यातल्या पोराला समुद्रापार नेले. पुढे १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्षही दोराबजीच.

मास्तरांचे काम पाहायचे तर हुतुतू आणि खो-खोकडे वळावे लागते. हे खेळ दर दहा कोसांवर वेगळे खेळले जात. एका गावात बाद झालेला गडी बाहेरच बसे, दुसऱ्यात तो पुन्हा आत येई, तिसऱ्यात मुळी कोणी बाद होतच नसे, नुसते गुण मोजायचे. मग दोन गावांचा सामना लागायचा कसा? १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. हुतुतूला नियमांत बसवायचा प्रयत्न १९१८ च्या सुमारास साताऱ्यात झाला, आणि बडोद्याच्या व्यायामप्रेमी मंडळींनी सामने भरवून ते काम पुढे नेले. १९२८ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ निघाले आणि १९३४-३५ मध्ये त्याने दोन्ही खेळांचे नियम पक्के केले. तिकडे वऱ्हाडात अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले होते. त्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले देशी खेळ करून दाखवले. या सगळ्यात राजेरजवाडे अगदीच नव्हते असे नाही. पण वाद घालीत बसणारे, कागदावर कलम लिहून ते पुन्हा खोडणारे बहुतेक शिक्षक आणि व्यायामशिक्षक होते. नियम लिहिणे हे रुक्ष काम. त्यात टाळ्या नाहीत. पण बीजिंगच्या १९९० सालच्या आशियाई खेळांत कबड्डी खेळली गेली, तिची वीट या मंडळींनी रचलेली आहे.

आता येतो मूळ कहाणीकडे. कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे गाव. तिथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. घरात लहानपणापासून मातीचा वास. खाशाबा शिकायला कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात होते. बेलापुरे गुरुजी आणि बाबूराव बलवडे यांनी त्यांना कुस्तीचे धडे दिले. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगतांना आसरा देण्यात या पोराचा हात होता. मग ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत त्यांचे नाव घ्यायला क्रीडाशिक्षक तयार होईनात. या पोराला उगाच कोणी मोडून टाकील, असा त्यांचा समज. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य होते बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली, आणि या लहानखुऱ्या पोराने दांडग्या दांडग्या गड्यांना एकामागून एक आस्मान दाखवले. गुरुजन हो, एका मास्तराने नाकारले आणि दुसऱ्याने दार उघडले. शाळा-कॉलेजांत ही दोन्ही माणसे असतातच.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरले. खाशाबांच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे गेल्यावर पहिला धक्का बसला तो गादीचा. आपल्याकडे माती. माती पायाला धरते, अंगाला चिकटते. तिथे मऊ सपाट गादी, तिच्यावर पाय ठरेना. शिवाय नियम निराळे. आपल्याकडे पाठ लागेपर्यंत कुस्ती चालायची, मग घटका लागो की तास. तिथे वेळ ठरलेला, गुण मोजलेले, वजनाचे गट पाडलेले. अमेरिकेचे एकेकाळचे नामांकित मल्ल रीस गार्डनर यांनी त्यांना थोडेफार शिकवले. एवढ्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा गडी मारला. इराणच्या मल्लाकडून ते हरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. आयुष्यात प्रथमच गादीवर लढणाऱ्याचा हा सहावा क्रमांक आहे, हे विसरू नका.

पुढच्या चार वर्षांत एक मोठी घडामोड झाली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. देशाच्या दृष्टीने ते व्हायलाच हवे होते. पण तालमीतल्या पोरांच्या दृष्टीने पाहा. काल ज्याच्याकडे जाऊन मुजरा करून मदत मागायची, तो दरबार राहिला नाही. आणि ज्या सरकारकडे अर्ज करायचा त्याच्या पुढे निर्वासितांची, अन्नधान्याची, धरणांची कामे डोंगराएवढी. पैलवानाचे तिकीट हे त्या यादीत कितव्या नंबरावर येणार? सरकारला दोष देणे सोपे आहे. पण राव गेला आणि त्याच्या जागी पद्धतशीर काहीच उभे राहिले नव्हते, एवढे मात्र खरे.

अशात १९५२ साल उजाडले. हेलसिंकीला जायचे तर आधी निवड व्हायला हवी. मद्रासच्या स्पर्धेत आपल्याला मुद्दाम एका गुणाने मागे टाकले, अशी खाशाबांची कैफियत होती. गावच्या जत्रेत असे झाले असते तर चार माणसे उठून ओरडली असती, वस्ताद आखाड्यात उतरला असता. मद्रासला कोण ओरडणार? खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवेंद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावायला सांगितले, आणि खाशाबांनी त्याच प्रतिस्पर्ध्याला चीत केले. संस्थाने गेली होती, पण न्याय मागायला अखेर एका महाराजाचेच दार वाजवावे लागले. हा योगायोग गमतीचा खरा. पण त्यात थोडी शरमेचीही गोष्ट आहे.

निवड झाली. आता पैसे. गोळेश्वरच्या आणि कऱ्हाडच्या लोकांनी वर्गणी काढली. दुकानदारांनी दिले, शेतकऱ्यांनी दिले, जत्रेच्या वर्गणीसारखी घरोघर फिरून रक्कम गोळा झाली. तरी पुरे पडेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. १९५२ सालचे सात हजार! त्या काळी प्राथमिक शिक्षकाच्या कित्येक वर्षांच्या पगाराइतकी ही रक्कम. मंडळी, पैलवान स्वतःचा मुलगा नाही, भाऊ नाही, भावकीतला नाही. कॉलेजातला एक माजी विद्यार्थी. त्याच्यासाठी घराचे कागद सावकारापुढे ठेवायचे! घरातल्या माणसांना त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

हेलसिंकीला बँटमवेट गटात खाशाबा उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी इथल्या मल्लांना त्यांनी हरवले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी गाठ पडली. पंधरा मिनिटांवर चाललेली ती झुंज खाशाबा थोडक्यात हरले. इशीच पुढे सुवर्णपदकाचा मानकरी झाला. त्या दमछाकीतून बाहेर येतात न येतात तोच रशियाच्या रशीद मामेदबेकोवशी त्यांना उभे करण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मधे अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तसे भांडून सांगायला त्या वेळी आपला एकही अधिकारी आखाड्यापाशी नव्हता, असे या प्रसंगाच्या हकिकतींत नोंदलेले आहे. थकलेले खाशाबा हरले. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरकडचे केशव माणगावे हेही त्याच ऑलिंपिकात लढले, त्यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही.

जरा थांबून हिशेब पाहू. गावाने पैसे दिले. मास्तराने घर दिले. वस्तादाने डाव दिले. खेळाडूने जीव ओतला. आणि ऐन घटकेला हक्काचा अर्धा तास मागायला माणूस नव्हता. पैसा जमवणारी माणसे एकीकडे, निर्णय घेणारी दुसरीकडे, आणि दोघांची ओळखदेख नाही, अशी अवस्था असली की तिचे फळ असे मिळते. पदकाचा रंग बदलला असता की नाही, ते कोणी सांगू शकणार नाही. पण तो अर्धा तास खाशाबांचा होता.

परत आल्यावर कऱ्हाड स्टेशनावर माणूस मावेना. शंभर-दीडशे बैलगाड्या सजवून गोळेश्वरकर आले होते. पाव तासाच्या वाटेला मिरवणुकीत सात तास लागले, असे सांगतात. यानंतर जे झाले ते मला मिरवणुकीहून थोर वाटते. खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, तिकिटाचे पैसे जमवले आणि खर्डेकर सरांचे कर्ज फेडून घर सोडवले. १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला त्यांचे नाव दिले गेले ते २०१० साली.

या अनुभवातून लोक काहीतरी शिकले असावेत. १९५३ साली मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने राज्याची कुस्तीगीर परिषद निघाली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या तालमी तिच्याशी जोडल्या गेल्या. १९५९ साली श्रीपती खंचनाळे यांनी हिंदकेसरीचा मान कोल्हापुरात आणला, १९६० साली गणपतराव आंदळकरांनी. १९६१ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले केसरी ठरले. माती आणि गादी यांचा जुना तंटाही या स्पर्धेने एका तऱ्हेने मिटवला. मातीवरचा विजेता आणि गादीवरचा विजेता यांची अखेरची लढत लावायची, अशी रीत पडली. तंटा मिटवायची ही तऱ्हा मला फार शहाणपणाची वाटते. मातीवाल्यांचा मान राहिला आणि पोरांना गादीची सवयही लागली.

सगळे सुरळीत झाले असे मात्र समजू नका. परिषदेत दोन तट पडले. २०२३ च्या नोव्हेंबरात एकाच किताबाच्या दोन स्पर्धा झाल्या, एक धाराशिवला आणि एक पुणे जिल्ह्यातल्या फुलगावला. खेड्यातल्या पैलवानाने कुठे जायचे, कोणाची गदा खरी मानायची? भांडण चालकांचे आणि वर्ष वाया जाते पोरांचे. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सांगलीला महिलांची महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा भरली आणि प्रतीक्षा बागडी ती जिंकली. तालमीचे बंद दार निदान किलकिले झाले म्हणायचे.

आणखी एक ताजे उदाहरण घेऊ. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसला रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळाले ते खाशाबांनंतर ७२ वर्षांनी. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. २००९ साली पोराला वडिलांनी सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले, पुढे रेल्वेने नोकरी दिली. इथे खर्डेकरांच्या घरासारखी गहाणाची पाळी मास्तरावर आली नाही. सरकारची योजना होती, प्रशिक्षक होते, नोकरी होती, आणि मागे मास्तराचेच घर होते. ७२ वर्षांत एवढा पल्ला गाठला खरा. पण दोन पदकांच्या मधे ७२ वर्षे जावीत, हेही काही कौतुकाने सांगण्यासारखे नाही.

गुरुजी, आता एक काम तुमच्याकडे सोपवतो. तुमच्या गावात जुनी तालीम असेल, कदाचित पडकी असेल. जत्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या कोणाच्या तरी माडीवर, ट्रंकेत पडलेल्या असतील. त्या वाळवीच्या आधी तुमच्या हाती लागू देत. कोणत्या साली किती वर्गणी जमली, शेवटची कुस्ती कितीची होती, पैलवान कुठकुठून आले, माती कोणाच्या शेतातली आणली, कोणाच्या घरी पंगत बसली, हे सातवी-आठवीच्या मुलांकडून उतरवून घ्या. म्हातारे वस्ताद हयात असतील तर मुलांना त्यांच्याकडे पाठवा. पैलवानांची नावे त्यांना पाठ असतीलच. वर्गणी देणाऱ्यांची, हौदा खणणाऱ्यांची आणि भाकरी भाजणाऱ्यांचीही नावे विचारायला सांगा, आणि तीही त्याच वहीत लिहून ठेवा.